दार बंद आहे

सून : बाबा, त्या फेऱ्या थांबवा ना जरा. तुमच्या चपलांच्या फटफट आवाजात मला ह्या प्रोग्राममधले कंसही मोजता येत नाहीयेत.

सासरे : मग चपला काढतो.

सून : चपलांचं नाही हो, फेऱ्यांचं म्हणतेय. सकाळपासून तीनदा खिडकी उघडलीत, तीनदा लावलीत. आज तुम्हाला झालंय काय?

सासरे : कुठं काय. तुझा चहा निवला.

सून : निवू दे. साडेनऊ वाजले. अकराला वर्गावर उभं राहायचंय आणि आज मागच्या बाकावर मुख्याध्यापिका बसणार आहेत. वही घेऊन.

सासरे : बसू देत की. बारा वर्षं गणित शिकवतेस.

सून : गणित असतं तर झोपेत शिकवलं असतं. कॉम्प्युटरचे सर नोकरी सोडून गेले आणि शाळेनं त्यांचं गाठोडं माझ्या डोक्यावर ठेवलं. म्हणे, तुम्ही गणिताच्या, तुम्हाला काय अवघड! तीन आठवडे झाले. मुलांच्या पुढं मी फक्त एक धडा आहे. काल तर तेवढीही नव्हते.

सासरे : काल काय झालं?

सून : काही नाही.

सासरे : जेवताना गप्प होतीस म्हणून विचारलं.

सून : काल एका मुलीला वर्गाबाहेर काढलं मी. पहिल्या बाकावर बसते. अतिशय हुशार पोर. तिनं एक प्रश्न विचारला आणि मी तिला म्हटलं, बाहेर जा.

सासरे : उद्धट बोलली?

सून : छे हो! मला उत्तर येत नव्हतं, दुसरं काय. ती तासभर जिन्यात बसून राहिली. सुटल्यावर मी शेजारून गेले, तर उभी राहून म्हणाली, ‘सॉरी मॅडम.’ तिनं मला सॉरी म्हणायचं! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सासरे : प्रश्न तरी काय होता?

सून : आता तुम्हाला कसं सांगू? बरं, इकडं या. बसू नका हवं तर, उभे राहा, पण स्क्रीनकडे बघा. पुस्तकात मोटारीचं उदाहरण आहे. मुलं जांभया देतात. मी म्हटलं, घरात एकतीस वर्षं लिफ्ट दुरुस्त केलेला माणूस आहे, तर मोटार कशाला? म्हणून मी लिफ्ट घेतली.

सासरे : लिफ्ट? ह्याच्यात?

सून : ह्याच्यात. हे बघा, हा लिफ्टचा क्लास. क्लास म्हणजे वर्ग नव्हे. एकानं मला विचारलंच, ‘मॅडम, हा क्लास कुठल्या खोलीत भरतो?’ क्लास म्हणजे आराखडा. लिफ्टला काय काय असतं आणि तिला काय काय करता येतं, ते एकदाच लिहून ठेवायचं. मग त्या आराखड्यावरून हव्या तेवढ्या लिफ्ट बनवायच्या. त्या बनलेल्या एकेका लिफ्टला म्हणायचं ऑब्जेक्ट.

सासरे : म्हणजे कंपनीचं ड्रॉइंग एक, आणि इमारतीइमारतीत बसवलेल्या लिफ्ट वेगळ्या.

सून : अगदी! हे मला कळायला दोन दिवस लागले आणि तुम्हाला दोन मिनिटं. ड्रॉइंग एकच, पण एक लिफ्ट तळमजल्यावर उभी, दुसरी सातव्यावर. जिचं तिचं तिच्यापाशी.

सासरे : आणि एक बंद पडली म्हणून दुसरी पडत नाही.

सून : नाही पडत. आता ह्या लिफ्टपाशी मी दोन गोष्टी ठेवल्यात. एक मजला, म्हणजे आत्ता कुठं आहे. दुसरी दारबंद. त्यात हो किंवा नाही, एवढंच. आणि तिला येणारी कामं : दार उघड, दार लाव, वर जा.

सासरे : दार उघडं असताना ‘वर जा’ म्हटलं तर?

सून : जात नाही. आत लिहिलंय मी, दारबंद ‘हो’ असेल तरच हलायचं. बघा, चालवते... हं. ‘दार उघडं आहे’ म्हणून जागची हलत नाही.

सासरे : शहाणी आहे. मग दार लाव.

सून : दार लावायचं काम नुसतं नावाला लिहिलंय, आत काहीच नाही. आता कुठं लिहीत बसू? पावणेदहा झाले. थांबा, सरळ बाहेरूनच लिहून टाकते. पहिली लिफ्ट, दारबंद बरोबर हो. झालं. आता ‘वर जा’... गेली! गेली बघा पाचव्यावर! आहे की नाही डोकं?

सासरे : पुस ते.

सून : काय?

सासरे : ती ओळ. आत्ता लिहिलीस ती. पुसून टाक.

सून : अहो, तात्पुरती आहे. नंतर नीट—

सासरे : पुस म्हणतोय ना!

सून : बाबा! ओरडता काय असे? कप पडला असता आत्ता.

सासरे : दार लागलंय का खरंच?

सून : कुठलं दार? हे नुसतं...

सासरे : तिचं दार. ती पाचव्यावर गेली तेव्हा लागलेलं होतं का?

सून : नाही. उघडंच आहे. मी फक्त लिहिलं, बंद आहे म्हणून.

सासरे : आणि तिनं ऐकलं.

सून : ऐकणारच. तिला काय कळतंय? बाबा, खुर्चीला धरा. चेहरा केवढा पडलाय तुमचा. गोळी घेतलीत ना सकाळची?

सासरे : घेतली. मला काही झालेलं नाही. मुलीचा प्रश्न सांग.

सून : आत्ता?

सासरे : आत्ताच सांग.

सून : पुस्तकात लिहिलंय, दारबंदसारख्या गोष्टी प्रायव्हेट ठेवाव्यात. म्हणजे त्या क्लासच्या आतूनच बदलता येतात, बाहेरून कुणाला हात लावता येत नाही. तर ती म्हणाली, ‘मॅडम, प्रोग्राम आपणच लिहितो. बाहेर आपणच, आत आपणच. मग आपली गोष्ट आपल्यापासूनच का लपवायची?’ मी व्याख्या वाचून दाखवली. तिनं परत विचारलं. मी म्हटलं, परीक्षेला एवढंच येतं, लिहून घे. तिनं तिसऱ्यांदा विचारलं.

सासरे : आणि तू तिला बाहेर घालवलंस.

सून : हो. आता तुम्हीही बोला मला.

सासरे : मी काय बोलणार तुला? आज चार वाजता लंबू भाषण करणार आहे.

सून : लंबूकाका? भाषण? कुठं?

सासरे : आमच्या लिफ्टच्या कंपनीत. नवीन मेकॅनिक भरती झालेत, वीसपंचवीस. त्यांच्यापुढं उभा राहून अपघात कसा झाला ते सांगणार. ‘माझी चूक तुम्ही करू नका’ म्हणून. काल फोन आला त्याचा. केवढा खूश! मला म्हणाला, ‘तू पहिल्या रांगेत बस, मला धीर येईल.’

सून : मग चांगलंच आहे की. तुमच्याबरोबर कामावर असताना पाय गेला, तेव्हापासून ते कुठं जात नाहीत, येत नाहीत. नऊ वर्षं किल्ल्यांच्या दुकानात बसलेत. कंपनीनं बोलावलं म्हणजे मान दिला.

सासरे : चूक त्याची नव्हती.

सून : म्हणजे?

सासरे : तू जे आत्ता केलंस ना, दारबंद बरोबर हो... तसंच मी केलं होतं. वायरीनं.

सून : मला कळत नाहीये, बाबा.

सासरे : प्रत्येक मजल्याच्या दाराला एक कॉन्टॅक्ट असतो. दार लागलं की दोन पत्र्या टेकतात. मशीनला कळतं, बंद आहे. दार उघडलं की पत्र्या सुटतात, लिफ्ट जागची हलत नाही. त्या दिवशी तिसऱ्या मजल्याचा कॉन्टॅक्ट कुरकुर करत होता. दार लागलेलं असायचं आणि मशीन म्हणायचं, उघडं. मला एक फेरी मारून दोर तपासायचे होते. घाई होती. म्हणून वर मशीनच्या खोलीत गेलो, वीतभर वायर घेतली आणि पॅनेलमध्ये त्या जागी जोडून दिली. की दार कसंही असो, तू समज बंद आहे.

सून : आणि फेरी झाल्यावर काढायची.

सासरे : काढायचीच असते. तेवढ्यात फोन आला, शेजारच्या इमारतीत लिफ्टमध्ये माणसं अडकलीत. मी हत्यारं उचलली आणि पळालो. वायर राहिली.

सून : लंबूकाकांना सांगितलं नाहीत?

सासरे : तो जेवायला गेला होता. परत आला, तिसऱ्याचं दार उघडलं. उंबऱ्याशी बसून रूळ साफ करायला लागला. डावा पाय आत, खाली उभ्या असलेल्या लिफ्टच्या टपावर. त्याला काय माहीत? दार उघडं आहे म्हणजे ती हलणार नाही, हे आम्ही कामाच्या पहिल्या दिवशी शिकतो. आणि सातव्या मजल्यावर कुणीतरी बटण दाबलं.

सून : अगं आई...

सासरे : मी परत आलो तेव्हा ओरडणं ऐकू आलं. मेन स्विच बंद करायला वर धावलो. ते करायलाच हवं होतं, त्यात वावगं काही नाही. मेन खाली ओढला. समोर माझी वायर. ती काढली आणि खिशात घातली. मग त्याच्याकडे गेलो.

सून : आधी वायर.

सासरे : आधी वायर. दोन सेकंद लागले असतील. चौकशीला आले त्यांनी सगळं तपासलं. सगळं जिथल्या तिथं. कॉन्टॅक्ट जुना आहे, भरवशाचा नाही, असं लिहिलं. आणि टपावरचं लाल बटण लंबूनं दाबलेलं नव्हतं. ते दाबलं की काही झालं तरी लिफ्ट थांबते. तो म्हणाला, ‘घाईत विसरलो, माझीच चूक.’ दवाखान्यातल्या खाटेवरून सांगितलं त्यानं. मी शेजारी उभा होतो. त्याला पाणी पाजत होतो.

सून : आणि तुम्ही गप्प.

सासरे : पहिल्या दिवशी गप्प राहिलो. मग दुसऱ्या दिवशी बोलायला पहिल्या दिवसाचंही कारण द्यावं लागलं असतं. असं करत नऊ वर्षं.

सून : आईंना ठाऊक होतं?

सासरे : नाही. ती गेली, तरी तिला नाही सांगितलं. तुझ्या नवऱ्यालाही नाही. त्यालाही सांगू नकोस तू.

सून : ते तुम्ही सांगाल. मी नाही सांगणार. पण लंबूकाका चार वाजता पंचवीस पोरांपुढं कुबडी टेकून उभे राहणार आणि सांगणार, मी चुकलो. आणि तुम्ही पहिल्या रांगेत?

सासरे : म्हणूनच सकाळपासून जीव थाऱ्यावर नाही. म्हटलं ताप आला म्हणून सांगावं. तापही येत नाही.

सून : बाबा, ही ओळ मी पुसणार नाही.

सासरे : कुठली?

सून : दारबंदची. वायर काढून खिशात घातलीत तेव्हा काय झालं? दार होतं तसंच राहिलं. कुणी काय केलं एवढंच पुसलं गेलं. मी ही ओळ अशीच वर्गात नेणार. तुमचं नाव घेणार नाही, काकांचंही नाही. पण सांगू का?

सासरे : तुझ्या वर्गातल्या त्या मुलीला उत्तर मिळेल का त्यातून?

सून : मला मिळालं.

सासरे : मग सांग.

सून : सव्वादहा! माझी बस... वही कुठं ठेवली मी? आणि तुम्ही? तुम्ही काय करणार आहात?

सासरे : तू नीघ. उशीर होईल.

सून : बाबा, मी विचारलं काहीतरी.

सासरे : ऐकलं मी. नीघ.

(दुपारी पाऊण वाजता. शाळेच्या मागच्या जिन्यात. सासरे पायरीवर बसलेले आहेत.)

सून : बाबा? तुम्ही इथं? शिपाई म्हणाला, कुणीतरी म्हातारे गृहस्थ आलेत, आत येत नाहीत. तशीच धावत आले.

सासरे : मुख्याध्यापिका बसल्या का मागं?

सून : बसल्या. पूर्ण तास बसल्या. घामाघूम झाले मी. आधी त्या मुलीला उभं केलं. तिला वाटलं, आज परत बाहेर. सगळ्यांसमोर म्हटलं, ‘काल तू बरोबर विचारलंस. मला उत्तर येत नव्हतं, म्हणून मी तुला बाहेर काढलं. चुकले मी.’ बाईंनी वहीत काहीतरी लिहिलं. काय लिहिलं देव जाणे.

सासरे : आणि लिफ्ट?

सून : चालवून दाखवली. दार उघडं, लिफ्ट पाचव्यावर. विचारलं, दार बंद आहे असं कुणी लिहिलं, शोधा. मी मुद्दाम ती ओळ दुसऱ्या फाइलमध्ये खोल टाकून ठेवली होती. दहा मिनिटं शोधत होती पोरं. एकमेकांवर ढकलत होती, तू लिहिलंस, तू लिहिलंस. मग दारबंद प्रायव्हेट केलं आणि परत चालवायला गेले, तर प्रोग्राम सुरूच होईना. नेमक्या त्याच ओळीवर बोट ठेवून म्हणाला, इथून हात लावता येणार नाही. तेव्हा ती... अगं, ये ये. ही बघा, हीच ती.

मुलगी : मॅडम, तुमचा खडूचा डबा वर्गातच राहिला. आणि एक विचारायचं होतं. आत्ता नको असेल तर उद्या विचारते.

सून : विचार. हे माझे सासरे.

मुलगी : नमस्कार. मॅडम, ते कळलं मला, की लपवायचं ते घाईत असलेल्या आपल्यापासून. पण समजा, प्रायव्हेट केलं आणि क्लासच्या आतच कुणी चुकीचं लिहिलं? दार न लावताच दारबंद ‘हो’ केलं? मग काय उपयोग?

सून : मग... थांब हं. बाबा, तुम्ही काहीतरी म्हणालात?

सासरे : मी म्हटलं, मग निदान कुठं बघायचं ते कळतं. जागा एकच उरते. तिथं लिहिणाऱ्याला ‘मी नव्हतो’ म्हणता येत नाही.

मुलगी : हां... म्हणजे चूक थांबत नाही, पण सापडते. आजोबा, तुम्हीपण कॉम्प्युटर शिकवता?

सासरे : नाही गं. मी लिफ्ट दुरुस्त करायचो.

मुलगी : म्हणजे मॅडमनी सांगितली ती गोष्ट तुमच्या—

सून : जा आता, पुढचा तास सुरू होईल. खडू दे इकडं. पळ.

मुलगी : जाते. थँक्यू मॅडम. थँक्यू आजोबा!

सून : बघितलंत? रोज असे पाच प्रश्न. आता उद्याची धास्ती... बाबा, तुमच्या शर्टाची गुंडी तुटलीय.

सासरे : ओढली असेल त्यानं.

सून : कुणी? तुम्ही काकांकडे गेला होतात?

सासरे : तू गेलीस, मी पण निघालो. दुकान अजून उघडलं नव्हतं, घरीच होता. भाषणाचा कागद हातात. मला म्हणतो, ‘बरा आलास, ऐक, सुरुवात अशी केलीय.’ वाचायला लागला. मी पहिली दोन वाक्यं ऐकली आणि म्हटलं, थांब. आणि सांगितलं सगळं. उभ्याउभ्याच.

सून : मग?

सासरे : आधी हसला. त्याला वाटलं चेष्टा करतोय. मग विचारलं, ‘वायर कुठल्या रंगाची?’ म्हटलं, पिवळी. मग म्हणाला, ‘नऊ वर्षं मी झोपेत ते लाल बटण दाबतोय. बायको हात धरून ठेवते.’

सून : बाबा...

सासरे : मग गचांडी धरली. उठताना तोल गेला त्याचा, मी सावरायला गेलो तर म्हणाला, हात लावू नकोस. बायकोनं आम्हाला बाजूला केलं. मला म्हणाला, ‘चालता हो.’ मी बाहेर आलो. दार लावून घेतलं त्यानं.

सून : तुम्ही सांगितलंत, हेच... आता घरी चला. मी अर्ध्या दिवसाची रजा टाकते. चार वाजता जायचं काही आता कारण नाही.

सासरे : पुढं ऐक ना. मी दोन पायऱ्या उतरलो असेन. आतून ओरडला. दार न उघडताच. ‘पॅनेल कसं होतं, वायर कुठून कुठं जोडली होतीस, ते कागदावर नीट काढून आण. त्या पोरांना दाखवायला लागेल.’

सून : दाखवणार कोण? ते?

सासरे : मीही तेच विचारलं. तर म्हणाला, ‘तू. मी पहिल्या रांगेत बसणार आहे.’

सून : पंचवीस जणांपुढं. कंपनीचे साहेब असतील. पुढं काय होईल ते...

सासरे : होईल ते होईल. अडीचला बोलावलंय त्यानं, आधी चित्र बघणार आहे. कागद आहे का गं तुझ्याकडे?

सून : वहीतलं पान चालेल? चौकटींचं आहे, गणिताचं.

सासरे : चौकटींचं तर फारच चांगलं. रेघा सरळ येतील. आणि पेन्सिल.

सून : पेन्सिल नाहीये, बाबा. पेन आहे.

सासरे : पेनच बरं.